फिल्मवाले काकांचा फर्स्ट बेसमन

कलिंगड घेताना फिल्मवाले काका ते कधी वाजवून बघत नसत. दुकानदार टकटक करून दाखवायचा, आम्ही बाकीचे जाणकारासारखी मान हलवायचो, आणि काका मात्र कलिंगड उलटं करून त्याच्या पोटावरचा पिवळा डाग बघत उभे राहायचे. "वेलीवर किती दिवस पडून होतं ते इथे कळतं," म्हणायचे. "आवाज काय, आज चांगलाच येईल." सौदीतल्या थुवालच्या रस्त्यावरचा तो यमनी दुकानदार काका गाडीतून उतरताना दिसले की कपाळाला हात लावायचा. "यल्ला, बाबा, यल्ला!" आटपा म्हणायचा. काका हलत नसत. मागे गाड्यांची रांग लागली तरी नाही.

त्यांचं काम वेल्डिंग तपासण्याचं. पाइपांच्या जोडांचे एक्स-रे काढतात. त्या फिल्म दिव्यासमोर धरून आत कुठे पोकळी राहिली, कुठे भेग गेली, हे ते सांगायचे. म्हणून फिल्मवाले. नवी पोरं पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे सिनेमाच्या सीड्या मागायला जायची आणि तोंड पाडून परत यायची. मूळचे चिपळूणकडचे. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने काटकुळे, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. उन्हाळ्यातही.

मी त्याच कंपनीत कॅम्पचा अ‍ॅडमिन होतो. तेलाला भाव होता. समुद्राकाठी एकीकडे विद्यापीठ उभं राहत होतं, दुसरीकडे बंदर आणि नवं शहर, आणि विमानं भरभरून माणसं येत होती. येणाऱ्यांचं बघायला वेगळा विभाग होता. जाणारे माझ्याकडे यायचे. ज्याचं काम संपलं, ज्याचं कफिलाशी, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाशी, बिनसलं, ज्याच्याने काम होईना, त्याचं खुरूज, म्हणजे कायमचं परत जाण्याचं काम, मी करायचो. निर्णय वरचे घेत, मी फक्त शिक्का मारून घेतो, असं मी स्वतःला सांगायचो. अजूनही सांगतो. त्याने समाधान होत नाही. खोलीत कुणी तरी आलं आणि खुर्चीवर न बसता उभंच राहिलं, की त्या माणसाचं काय करायचं ते माझ्याकडे येण्याआधीच ठरलेलं असायचं, आणि तरी मी त्याला विचारायचो, "बोला, काय काम काढलंत?"

आमचा प्रोजेक्ट मॅनेजर अमेरिकन होता. मोठ्या आवाजाचा, मनाने वाईट नसलेला माणूस. त्याने ऑफिसात फॅन्टसी बेसबॉलचा खेळ सुरू केला. आठ जणांनी कागदावर आपापला संघ निवडायचा, खेळाडू अमेरिकेतले खरेखुरे. ते तिकडे खरोखर कसे खेळतात त्यावर इकडे आपल्या संघाला गुण. मोसमाच्या शेवटी जो तळाला, त्याने सगळ्यांना कब्सा, म्हणजे तिकडचा मटणभात, खाऊ घालायचा. सात जण जमले. आठवा मिळेना, म्हणून साहेबाने काकांना ओढलं. काकांनी जन्मात बेसबॉल पाहिलेला नव्हता. पुढेही पाहिला नाही. त्यांनी एक आठवडा मागून घेतला, कंप्युटरसमोर बसून वाचलं, आणि निवडीच्या दिवशी, सगळे जण नावाजलेले खेळाडू पळवत असताना, एका बावीस-तेवीस वर्षांच्या फर्स्ट बेसमनचं नाव घेतलं. त्याच्या हाताला प्लास्टर होतं.

साहेब टेबलावर हात आपटून हसला. "तो जूनपर्यंत खेळणार नाही!"

"मला ठाऊक आहे," काका म्हणाले.

त्या दिवसापासून त्या पोराला ऑफिसात 'जावई' हे नाव पडलं. खायला घालायचं, मान द्यायचा, आणि त्याने काही करायचं नाही. तिकडे रात्री सामने होत तेव्हा इकडे पहाट व्हायची. बस सुटायच्या आधी काका ऑफिसात जाऊन बातमी काढून यायचे, आणि बसमधली पोरं ओरडायची, "काका, जावई काय म्हणतायत?"

"जावयांच्या मनगटात दुखतंय."

"मग सासूबाईंना सांगा शेकायला!"

काकाही हसायचे. पण खेळाडू बदलायचे नाहीत.

मी एकदा बसमध्ये त्यांच्या शेजारी बसून विचारलं, की एवढ्या सगळ्यांत हाच का. त्यांनी मला साइट येईपर्यंत शिकवलं. फर्स्ट बेसवर उभं राहणाऱ्याला पळायचं कमी, फेकलेले चेंडू अडवायचे फार. म्हणून तिथे सगळेच संघ धिप्पाड, जोरात मारणारा माणूस उभा करतात. "मग नुसता जोरात मारतो म्हणून त्याची किंमत होत नाही. आमच्याकडे चांगला भात करते म्हणून कुणाला सुगरण म्हणतात का? भात सगळ्यांनाच येतो." हा पोरगा जोरात तर मारायचाच, पण वाईट चेंडूला बॅट लावायचा नाही. सोडून द्यायचा. एवढ्या लहान वयात सोडून देता येणं, हे काकांना फार मोठं वाटायचं.

"आणि हात?"

"तळहाताच्या मुळाशी एक लहानसं हाड असतं. बॅटची मूठ तिथे टेकते. ते मोडलं की काढूनच टाकतात. त्याच्यावाचून चालतं. पण जोर परत यायला वेळ लागतो. पकड येते आधी, जोर येतो सगळ्यांत शेवटी." त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठ्याने नेमकी जागा दाबली. मी ओरडलो. "कळलं? एक अख्खा सीझन लागतो. दोघातिघांचं वाचलं मी. ज्यांना घाईने उतरवलं, ते वाया गेले."

आमच्या खेळात दुखापत झालेल्या खेळाडूसाठी प्रत्येक संघाला एकच जागा होती. तिथे ठेवलेला माणूस तुमचाच राहतो आणि त्याच्या जागी दुसरा खेळवता येतो. दुसरा कुणी जायबंदी झाला तर दोघांतल्या एकाला सोडून द्यावं लागतं. मे महिन्यात काकांचा सगळ्यांत चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, खांदा दुखावून बसला. कुठल्याही शहाण्या माणसाने जावयाला मोकळं करून पिचर ठेवला असता. काकांनी पिचर सोडला. साहेबाने तो पाच मिनिटांत उचलला आणि काकांना म्हणाला, "तू वेडा आहेस." आणि वर, जाता जाता, "फर्स्ट बेसमन मला देतोस का? दोन चांगले पिचर देतो."

काका नाही म्हणाले. साहेब दर आठवड्याला विचारायचा. म्हणजे त्या पोराची किंमत त्यालाही कळत होती.

जूनमध्ये जावई उतरले. काकांनी त्या दिवशी मेसमध्ये जिलबी वाटली. पंधरवडा बरा गेला आणि तोच हात पुन्हा सुजला. मी काकांना चिडलेलं त्या एकाच दिवशी पाहिलं. "घाई केली मेल्यांनी! पकड आली बघून उतरवला. अरे, जोर कुठे आला होता?" बसमध्ये कुणी जावयाचं नाव काढलं नाही.

अल्ताफ पडला तो त्याच उन्हाळ्यात.

अल्ताफ दाभोळचा. वेल्डर, वयाने जवळपास त्या फर्स्ट बेसमनएवढाच. येऊन वर्षही झालं नव्हतं. पाइपाच्या जोडाचा सगळ्यांत आतला थर, ज्याच्यावर बाकीचं सगळं उभं राहतं, तो हा पोरगा असा भरायचा की काका फिल्म दिव्यासमोर धरून मला बोलवायचे. "ये, बघ. नदीकाठ बघावा तसं आहे." मला काही कळायचं नाही. अल्ताफ बाहेर उभा राहून खिडकीतून ओरडायचा, "चाचा, पास का?" आणि काका मुद्दाम उशीर करायचे.

परांचीवरून उतरताना त्याचा पाय घसरला आणि तो उजव्या हातावर पडला. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण टॉर्च हातात घेतली की टोक थरथरायचं. वेल्डिंगच्या प्रमुखाने माझ्याकडे निरोप पाठवला: याचं खुरूज काढा, बदली माणूस मागवला आहे. आमच्याकडे प्रत्येक पथकाला हलक्या कामाची एक जागा असायची, अवजारांच्या खोलीत, देणंघेणं बघायची. ती तेव्हा रिकामी होती. पण ती कुणाला आणि किती दिवस द्यायची ते साहेबाच्या हातात.

अल्ताफ माझ्यासमोर खुर्चीवर न बसता उभा राहिला. "साहेब, गावात हार घालून पाठवलाय मला," म्हणाला. "घराच्या भिंती छपरापर्यंत आल्यात. बहिणीचं ठरलंय. आता जाऊन काय सांगू, पाय घसरला?"

संध्याकाळी काका आले. दार लावून घेतलं.

"मी साहेबाशी बोलतो. पोराला हलकं काम द्या म्हणून."

"किती दिवस मागणार?" मी विचारलं.

"हाताला सीझन लागतो. सहा-आठ महिने."

मला माझा साहेब ठाऊक होता. "काका, सहा महिने म्हटलंत तर तो ऐकून पण घेणार नाही. सहा आठवडे मागा. तेवढे देईल."

काका बराच वेळ वरच्या बटणाशी चाळा करत बसले. तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. कुवेत, मस्कत, मग इथे. आम्ही दोघंही मागण्याआधी समोरच्याचं तोंड बघणारे. मिळेल तेवढंच मागायचं, म्हणजे नकार ऐकावा लागत नाही, आणि मिळालं की उपकार वाटतात. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "सहा आठवडे."

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या केबिनमध्ये मीही होतो. साहेबाने ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. काम थांबलंय, बदली माणूस येतोय, हात गेलेला वेल्डर ठेवून काय करू? काकांचं इंग्रजी तुटकं, पण अडखळणारं नव्हतं.

"सर, तुम्ही दर आठवड्याला माझा फर्स्ट बेसमन मागता. त्याचा हात दोनदा गेलाय. दोन चांगले पिचर देऊन मागता. का?"

साहेब हसला. "कारण पुढच्या वर्षी तो सगळ्यांना फोडून काढणार आहे."

"हा पण काढेल."

साहेबाचं हसू गेलं. "तो खेळ आहे. हे काम आहे. दोन्ही एकत्र करू नकोस."

"करत नाही सर. खेळात तुम्ही थांबायला तयार आहात, म्हणून विचारलं."

साहेब लाल झाला होता. रागाने की कशाने, मला सांगता येणार नाही. मग त्याने विचारलं, "किती?"

त्या क्षणी काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली, टेबलाकडे बघत होतो.

"सहा आठवडे, सर."

"दिले," साहेब इतक्या पटकन म्हणाला की आम्ही दोघंही चमकलो. "पण मग चाचणी. दोनदा नापास झाला तर घरी." बाहेर पडल्यावर काकांनी मला मिठी मारली. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपला फर्स्ट बेसमन साहेबाला देऊन टाकला. बदल्यात काही घेतलं नाही. उपकार ठेवायचे नाहीत म्हणून, असं ते म्हणाले. त्या मोसमाच्या शेवटी कब्सा काकांनीच खाऊ घातला, आणि पुढच्या वर्षी ते खेळले नाहीत. जावयाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही.

ते सहा आठवडे कॅम्पमध्ये सगळ्यांनी अल्ताफचा हात वाटून घेतल्यासारखे गेले. काकांनी त्याला मेसमध्ये कणीक मळायला लावलं, मनगटाला व्यायाम म्हणून. आचारी खूश. चपात्या इतक्या मऊ कधी झाल्या नव्हत्या. पोरं म्हणायची, "अल्ताफ, वेल्डिंग सोड रे, इथेच राहा." तोही हसून म्हणायचा, "चाचांना विचारा, कणकेची फिल्म काढतायत का." रोज संध्याकाळी काका त्याला चहाचा भरलेला पेला एका हातात धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावायचे. सांडलेला चहा रोज कमी होत गेला.

चाचणी झाली. फिल्म काकांकडे आली. त्यांनी ती नापास केली.

दुसऱ्या चाचणीच्या फिल्मच्या वेळी मी त्यांच्या खोलीत गेलो. बोलावलं नव्हतं. काका दिव्यासमोर बसले होते आणि अल्ताफ बाहेर होता. या वेळी त्याने खिडकीतून काही विचारलं नाही.

"काका," मी म्हणालो, "एवढंसं काही असेल तर... चाचणीचाच तुकडा आहे. हा काही कुठे बसवणार नाहीत."

त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि बोट ठेवून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला फिल्ममधलं काही दिसलं. सगळ्यांत आतल्या थरात, जिथे टॉर्च वळवताना मनगट फिरवावं लागतं नेमकं तिथे, केसासारखी काळी रेघ.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"हा तुकडा नाही बसवणार. पण हा हात उद्यापासून गॅसच्या लाइनवर जाणार. त्या लाइनखाली माणसं काम करणार." त्यांनी दिवा बंद केला. "हात चांगला आहे रे. पकड आलीय. जोर नाही आला."

खुरूज मीच काढलं. निघायच्या दिवशी अल्ताफची बॅग काकांनी बसपर्यंत उचलून नेली. देत नव्हता, ओढून घेतली. मी बरोबर होतो. मला वाटलं होतं तो काकांशी बोलणार नाही. ज्याने ठेवून घेतलं त्यानेच दोनदा नापास केलं, आणि वय रागाचं. तो उलट काकांचीच समजूत घालत होता.

"चाचा, तुम्ही बरोबर केलंत. मला पण कळलं होतं, भरतानाच. हात तिथे अडकत होता."

"फिल्म माझी बरोबर होती," काका म्हणाले. "मागणं चुकलं माझं."

"म्हणजे?"

"तुला सहा महिने लागणार हे मला माहीत होतं. सहा आठवडे मागितले. तो देईल म्हणून."

अल्ताफ बसमध्ये चढून खिडकीशी बसला. "दिले तरी असते का त्याने?"

"नाही म्हणायला त्याचं तोंड होतं. मी माझंच बंद ठेवलं." बस सुरू झाली. काका खिडकीबरोबर चार पावलं चालले. "तिकडच्या त्या पोराला मी अख्खा सीझन द्यायला निघालो होतो रे. त्याला मी बघितलेला पण नाही."

अल्ताफचा वर्षाने फोन आला. हात पूर्ण सुधारला होता. दाभोळला खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं करत होता. इथे परत यायचं म्हणत होता, पण एकदा असं खुरूज लागलं की दुसरा व्हिसा सहज मिळत नाही. मी प्रयत्न केले. पुरेसे केले की नाही, ते मला विचारू नका.

काकांच्या अंगात मात्र त्यानंतर एक नवीनच खोड शिरली. गुरुवारी दुपारी, काम संपल्यावर, ते माझ्या ऑफिसबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. रजेचा अर्ज घेऊन कुणी आला की त्याला अडवायचे.

"किती लिहिलेस?"

"पंधरा दिवस, काका."

"लागतात किती?"

"लागतात तर महिना. आईचं ऑपरेशन आहे. पण मिळणार..."

"मिळण्याचं मी विचारलं नाही. महिना लिही."

यामुळे माझ्या डोक्याला फार ताप झाला. अर्ज वर जायचे आणि नामंजूर होऊन यायचे. साहेब मला विचारायचा, या माणसांना अचानक काय झालं? काही मंजूरही व्हायचे, आणि ते अर्जदार माझ्यासमोर असे उभे राहायचे, जणू ही कुणा दुसऱ्याचीच रजा आपल्याला चुकून मिळाली आहे. मी काकांना एकदा म्हणालोही, की तुमच्यामुळे अर्ध्यांना नकार मिळतोय. "मिळू दे," ते म्हणाले. "नकार वरच्यांच्या खात्यावर जाऊ दे."

त्या हिवाळ्यात माझ्या बायकोचं ऑपरेशन ठरलं. ती सांगलीला, मुलगा बारावीला. मी माझा अर्ज लिहिला आणि स्वतःच मंजुरीला पाठवणार होतो, तर दारात काका. त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. दहा दिवस.

"लागतात किती?"

डॉक्टर किती दिवस झोपून राहायला सांगणार आहेत, घरी पाणी कोण भरणार, मुलाचा डबा कोण करणार, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. मी फक्त दहा मिळतील, एवढा हिशोब केला होता. काकांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि फोन माझ्याकडे सरकवला.

मी घरी फोन लावला. इकडचं तिकडचं बोललो. मग विचारलं, "मी किती दिवस आलो तर तुला बरं पडेल?"

अठरा वर्षांच्या संसारात मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारत होतो.

"हॅलो? अगं, ऐकू येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली. "तुम्हाला मिळतायत किती ते सांगा ना. मी त्यात बसवते."